कॉम्प्युटर आपोआप बंद-चालू होतोय? डबा उघडण्याआधी वही उघडा



आपल्याकडे मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट बंद ऋतू. नाव काठावर, जाळी ओसरीत. फाटलेली जाळी विणायचे, नावेला डांबर लावायचे हेच दिवस. याच दिवसांत संस्थेच्या किंवा घरच्या कॉम्प्युटरकडेही एकदा पाहून घ्या. कारण याच दिवसांत लाईन सगळ्यात जास्त ये-जा करते, विजा पडतात, आणि ज्या कॉम्प्युटरला आधीपासून खोड लागली आहे तो आता जास्त त्रास देतो.

आजचा पाठ एकाच खोडीवर आहे. काम करता करता स्क्रीन काळी होते आणि कॉम्प्युटर आपोआप पुन्हा चालू होतो. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी दोन दिवस काहीच नाही. विचारलं तर सगळे एकच सांगतात, "कधीपण होते."

हा विषय मच्छीमारांच्या पानावर कशाला, असं वाटेल. पण आता आपली मासळीची नोंद, सभासदांची यादी, तलावाच्या पट्ट्याचे हप्ते, किसान क्रेडिट कार्डाचे कागद, अपघात विम्याची यादी, हे सगळं त्याच डब्यात आहे. २०२४ पासून राष्ट्रीय मत्स्यपालन डिजिटल मंचावर नोंदणीही ऑनलाइनच होते. अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपयांचं संरक्षण आहे. त्या यादीतून एखाद्याचं नाव सुटलं तर नुकसान कॉम्प्युटरचं नाही, त्या घराचं होतं.

आमच्याकडे काय झालं

मागच्या वर्षी मे महिन्यात आमच्या कार्यालयातला कॉम्प्युटर असाच करायला लागला. सचिवकाका म्हणाले, व्हायरस असेल. मलाही तेच वाटलं. मी तो दुकानात नेला, दुकानदार म्हणाला फॉरमॅट मारावा लागेल, आणि मी म्हटलं, "मारून टाका." जानेवारी ते एप्रिलची मासळीची नोंद त्यातच होती. दुसरीकडे कॉपी नव्हती. चूक माझी होती, दुकानदाराची नाही. मी विचारलंच नाही.

कॉम्प्युटर घरी आला आणि दोन दिवसांत पुन्हा तसाच बंद-चालू व्हायला लागला.

मग चार महिन्यांची नोंद कागदी पावत्यांवरून पुन्हा भरावी लागली. काहींच्या पावत्या भिजून एकमेकांना चिकटल्या होत्या, काहींकडे नव्हत्याच. एका काकूंचा आकडा आणि संस्थेचा आकडा जुळेना. काकू काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. त्यांच्या घरच्याने रात्री पाण्यात उभं राहून पकडलेली मासोळी माझ्या एका "मारून टाका"मुळे कागदावर नाहीशी झाली होती.

त्या वेळी एका जुन्या सभासद काकांनी स्वतःची वही आणून दिली. रोज किती किलो, कोणती मासोळी, पाणी कसं होतं, वारा कुठून होता, सगळं लिहिलेलं. काकूंचा माणूस त्यांच्याच नावेवर जायचा, म्हणून तो हिशोब त्या वहीतून निघाला. वही देताना काकांनी मला विचारलं, "तुयाला कॉम्प्युटर कवा कवा बंद पडते, ते लिवून ठेवलं काय रे बाबू?"

मी लिहिलं नव्हतं. "जाळं टाकाच्या आधी पाणी पाहा लागते," एवढं बोलून ते गेले.

पुढचं सगळं त्या एका प्रश्नातून निघालं आहे.

पायरी १: आधी नोंदी वाचवा

दुरुस्तीला हात लावण्याआधी सगळ्या फाइली दोन ठिकाणी काढा. एक पेनड्राइव्ह कार्यालयात, दुसरा वेगळ्या इमारतीत, म्हणजे अध्यक्षांच्या नाहीतर सचिवांच्या घरी. सभासद यादी आणि चालू महिन्याची नोंद छापूनही ठेवा.

कॉपी केल्यावर पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फाइल उघडते का ते पाहा. न उघडणारी कॉपी म्हणजे भोक पडलेलं जाळं.

फाइल सेव्ह होत असतानाच वीज गेली तर ती अर्धवट लिहिली जाते आणि नंतर उघडत नाही. म्हणून खोड सापडेपर्यंत दर दोन-चार नोंदींनंतर कंट्रोल आणि एस दाबायची सवय लावा. एक्सेल आपोआप जी राखीव कॉपी ठेवतं, तिची वेळ मुळात १० मिनिटांची असते. सेटिंगमध्ये जाऊन ती २ मिनिटांवर आणा.

पायरी २: वही उघडा

शंभर पानी वहीचं एक पान घ्या. पाच रकाने आखा.

१. तारीख आणि नेमकी वेळ.
२. तेव्हा काय काम चालू होतं? टायपिंग, छपाई, व्हिडिओ, की नुसताच उभा होता?
३. त्या क्षणी बल्ब मिचकला का? फ्रीज, पंप, कुलर चालू झाला का?
४. सुरू करून किती वेळ झाला होता? खोली गरम होती का?
५. बंद कसा झाला? एकदम काळा, निळी स्क्रीन येऊन, की "रीस्टार्ट होत आहे" असं सांगून?

कार्यालयात जो बसेल त्याने लिहायचं. दहा-बारा दिवस पुरे. मग पान समोर ठेवून पाहा.

- पंप, फ्रीज, कुलर चालू होताना बंद पडतो: लाईन किंवा यूपीएस.
- सुरू करून अर्धा-एक तास झाल्यावर, बहुतेक दुपारी: उष्णता आणि धूळ.
- सुरू केल्याबरोबर, विंडोज उघडण्याच्या आधीच: रॅम, सैल वायर किंवा एसएमपीएस.
- निळी स्क्रीन येऊन: रॅम, ड्रायव्हर किंवा डिस्क.
- टेबल हललं, डब्याला पाय लागला की: सैल जोड किंवा अडकलेलं बटण.
- आधी सूचना देऊन, बहुतेक रात्री: विंडोजचा अपडेट. हा बिघाडच नाही.

हे अंदाज आहेत, निकाल नाही. पण कुठून सुरुवात करायची ते कळतं.

आमच्या वहीत ११ दिवसांत १४ नोंदी झाल्या. त्यातल्या ९ वेळा शेजारच्या खोलीतला डीप फ्रीजर "कट्" करून चालू झाला होता. उरलेल्या ५ दुपारी २ ते ४ च्या दरम्यान. "कधीपण" असं काही नव्हतंच. दोन वेगवेगळ्या खोडी एकाच डब्यात होत्या, म्हणून हिशोब लागत नव्हता.

पायरी ३: लाईन आणि यूपीएस

आपल्या घरातली लाईन २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची. तिचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा असतो. कॉम्प्युटरच्या डब्यात जो विजेचा चौकोनी खोका असतो, ज्याला आपण एसएमपीएस म्हणतो, तो लाईन तुटली तरी साधारण १६-१७ मिलिसेकंद आतल्या साठ्यावर काम चालवतो. म्हणजे एक फेरासुद्धा पूर्ण नाही. तेवढ्यात लाईन परत आली तर ठीक. नाही आली तर एसएमपीएस मदरबोर्डला "वीज ठीक आहे" हा इशारा देणं थांबवतो, मदरबोर्ड सगळं सोडून देतो, आणि लाईन परत येताच पहिल्यापासून सुरू होतो. बल्ब फक्त मिचकतो, कॉम्प्युटर मात्र पडतो. फरक एवढाच.

फ्रीजर, पंप, बर्फाचं मशीन यांची मोटर चालू होताना पहिल्या क्षणाला नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते. वायर बारीक असेल, सगळं एकाच बोर्डावर असेल, तर त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं.

इथे यूपीएसने सांभाळायला हवं. साधा यूपीएस ४ ते १० मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो, म्हणजे एसएमपीएसचा साठा संपायच्या आत. पण बॅटरी मेलेली असेल तर तो बॅटरीवर जायला जातो आणि तिथेच बसतो. गंमत अशी की त्याचा हिरवा दिवा तरीही जळत राहतो. आमचा वर्षभर जळत होता.

यूपीएस तपासायची सोपी रीत: कॉम्प्युटर बंद करून त्याची वायर यूपीएसमधून काढा. त्या जागी ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा. यूपीएस चालू करा, बल्ब पेटू द्या, आणि भिंतीवरचं यूपीएसचं बटण बंद करा. बल्ब काही मिनिटं टिकला तर बॅटरी जिवंत. लगेच विझला तर बॅटरी गेली. ही परीक्षा कॉम्प्युटर लावून करू नका.

छोट्या यूपीएसमध्ये बहुतेक १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बंद बॅटरी असते. ती दोन-चार वर्षं चालते. आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत, त्याहून लवकर जाते. पूर्ण यूपीएस नवा घ्यायची गरज नसते, नुसती बॅटरी बदलून मिळते.

आणखी तीन गोष्टी:

- लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. छपाईच्या वेळी तो एकदम जास्त वीज ओढतो आणि यूपीएस बसतो.
- फ्रीजर, पंप, कुलर कॉम्प्युटरच्या बोर्डावर नको. त्यांना मेन बोर्डापासून वेगळी वायर ओढून घ्या.
- डब्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग गेलं आहे. हे वायरमनकडूनच करून घ्या. मीटर, मेन स्विच, अर्थिंगला स्वतः हात लावायचा नाही. ओल्या हाताने, ओल्या पायाने तर बिलकुल नाही.

विजा कडाडायला लागल्या की बटण बंद करणं पुरत नाही. यूपीएसची पिन भिंतीतून काढा, आणि इंटरनेटची वायरही काढा. वीज त्या वायरीनेही येते.

पायरी ४: विंडोजलाच विचारा

निळी स्क्रीन एका क्षणात येऊन जाते, वाचता येत नाही. कारण विंडोजला मुळात सांगून ठेवलेलं असतं की मोठी चूक झाली तर लगेच रीस्टार्ट कर. ते आधी बंद करा. स्टार्टच्या शोधपट्टीत इंग्रजीत "ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्स" टाइप करा. "स्टार्टअप अँड रिकव्हरी" खालच्या सेटिंग्समध्ये जा, "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट" समोरची खूण काढा. आता निळी स्क्रीन आली की थांबेल. मोबाइलने तिचा फोटो काढा. खाली लिहिलेला कोड महत्त्वाचा आहे, दुरुस्तीवाल्याला तोच दाखवायचा.

आणि ही खूण काढूनही निळी स्क्रीन न येता एकदम काळं होऊन पुन्हा चालू झाला, तर विंडोजला काही कळायच्या आतच वीज तुटली असं समजा. मग लाईन, एसएमपीएस, उष्णता किंवा सैल वायर.

दुसरी जागा म्हणजे "इव्हेंट व्ह्यूअर". हेही शोधपट्टीत मिळतं. त्यात "विंडोज लॉग्ज", मग "सिस्टीम". बंद पडल्याच्या वेळेची ओळ शोधा. इथे वहीतली वेळ कामी येते.

- नंबर ४१, कर्नल-पॉवर: नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढंच. ते का झालं हे ही ओळ सांगत नाही. ही ओळ दाखवून "तुमचा कर्नल खराब आहे" असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.
- नंबर ६००८: तोच अर्थ, अचानक बंद झाला.
- नंबर १०७४: एखाद्या प्रोग्रामने किंवा माणसाने सांगून रीस्टार्ट केला. अपडेट इथे पकडला जातो.
- नंबर १००१, बगचेक: निळी स्क्रीन आली होती, कोडसकट.

अपडेटच असेल तर सेटिंग्समध्ये "ॲक्टिव्ह अवर्स" म्हणजे कामाचे तास ठरवून द्या. त्या वेळेत तो स्वतःहून रीस्टार्ट होणार नाही.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षेसाठी पुढचा विचार करावाच लागेल. पण "विंडोज जुनी झाली म्हणून बंद पडतो" असं नाही. आधार संपल्याने कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होत नाही.

व्हायरस आणि फॉरमॅटबद्दल

रीस्टार्ट म्हणजे व्हायरस, ही समजूत उगाच आली नाही. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा जगभर पसरला होता. विंडोज एक्सपीवर ६० सेकंदांची उलटी मोजणी यायची आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट व्हायचा. २००४ मध्ये सॅसर आला, त्याचंही तसंच. त्या काळात शिकलेले कारागीर अजूनही आधी व्हायरसच म्हणतात. आज तसं फार कमी होतं.

फॉरमॅटचा खर्च करण्याआधी एक परीक्षा फुकटात होते. कॉम्प्युटर सुरू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये जा आणि तसाच तासभर उभा ठेवा. बायोसमध्ये विंडोज सुरूच झालेली नसते. तिथेही तो बंद-चालू झाला तर दोष विंडोजचा नाही, व्हायरसचा नाही, आणि फॉरमॅटने काहीही सुधारणार नाही. ही एक तासाची परीक्षा मी मे महिन्यात केली असती तर चार महिन्यांची नोंद वाचली असती.

बायोसमध्ये बंद नाही पडला तरी भाग ठीक आहेत असं लगेच म्हणू नका. तिथे कामाचा ताण कमी असतो. पण पडला तर उत्तर पक्कं.

पायरी ५: धूळ आणि उष्णता

बायोसमध्येच प्रोसेसरचं तापमान दिसतं. साधारण ३५ ते ५५ अंश असेल तर ठीक. तिथेच ७०-८० दाखवत असेल तर काम करताना ते आणखी चढणार. प्रोसेसर फार तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे सगळं हळू चालतं. तरीही तापमान १०० च्या आसपास गेलं तर जळण्यापासून वाचायला थेट बंद पडतो. बंद पडण्याआधी कॉम्प्युटर रेंगाळत होता का, हेही वहीत लिहा.

डबा उघडताना:

१. पिन भिंतीतून काढा. मग पॉवर बटण १० सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलेली वीज उतरते.
२. डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावा, अंगातली स्थिर वीज निघून जाते.
३. पेंटच्या कोरड्या, मऊ ब्रशने धूळ काढा. ब्लोअर मारत असाल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.
४. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. पंखा आणि पट्ट्यांच्या मध्ये धुळीची गादी बसते. वरून दिसत नाही. पंखा सोडवला की दिसते.
५. पंख्याची चारही टोकं नीट बसली आहेत का पाहा. एक सुटलं तरी तापमान चढतं.
६. जुना कॉम्प्युटर असेल तर प्रोसेसरवरचा पेस्ट वाळून पांढरा पडलेला असतो. पुसून नवा लावा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही.

एक गोष्ट कधीच करायची नाही: एसएमपीएसचा खोका उघडायचा नाही. त्याच्या आत ३०० व्होल्टच्या वर साठा असतो आणि पिन काढल्यावरही काही वेळ राहतो. बाहेरून धूळ काढा, बस.

डबा जमिनीवर ठेवू नका. आपल्याकडे कापसाची, मातीची धूळ जमिनीलगतच असते. झुरळं, पाली, उंदीर उबेला येतात, वायर कुरतडतात. बर्फ, ओली जाळी, मासळीचे क्रेट त्या खोलीत नकोत. आणि कोकणात आपले जे भाऊबंद समुद्राकाठी आहेत, त्यांनी हे जास्तच सांभाळावं. खाऱ्या हवेने रॅमच्या आणि वायरीच्या टोकांवर गंज चढतो.

पायरी ६: रॅम, वायरी, बटण

रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी टोकांवर पांढरं खोडरबर हळू फिरवा, कोरड्या कापडाने पुसा, "टक्" आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकावेळी एकच लावून दोन-दोन दिवस चालवून पाहा. विंडोजमध्ये "मेमरी डायग्नोस्टिक" नावाची तपासणी आहे, शोधपट्टीत मिळते. रात्री लावून ठेवा. तिने चूक दाखवली तर रॅम बहुतेक खराब. नाही दाखवली तरी संशय पूर्ण जात नाही.

मदरबोर्डला एसएमपीएसकडून दोन जोड येतात, एक २४ पिनांचा मोठा, एक ४ किंवा ८ पिनांचा प्रोसेसरजवळ. दोन्ही दाबून पाहा. डब्याच्या पाठीमागची पॉवरची वायर सैल असेल तर बदला.

समोरचं रीस्टार्टचं बटण धुळीने आत अडकलं तर कॉम्प्युटरला वाटतं कोणीतरी बटण दाबतंय. मदरबोर्डवरून त्या बटणाची छोटी वायर काढून ठेवा आणि चार दिवस पाहा.

मदरबोर्डवर छोटी उभी नळकांडी असतात, त्यांना कपॅसिटर म्हणतात. डोकं सपाट हवं. फुगलं असेल, तपकिरी रस निघाला असेल तर तो गेला. २००० नंतरच्या काही वर्षांत खराब रसायन भरलेले कपॅसिटर जगभर बाजारात आले होते आणि लाखो मदरबोर्ड त्यापायी गेले. जुना सेकंडहँड कॉम्प्युटर घेताना हे नक्की पाहा.

गोल चपटी बॅटरी, सीआर २०३२, मेली तर तारीख-वेळ चुकते आणि त्यामुळे सरकारी साइट उघडत नाहीत. बदलून टाका, स्वस्त आहे. पण ती सहसा रीस्टार्टचं कारण नसते.

पायरी ७: एसएमपीएस

बाकी सगळं ठीक आणि तरीही बंद पडतो, तर एसएमपीएस. मल्टिमीटरने पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. पण रिकामा असताना आकडे बरोबर आणि ताण आला की घसरतात, असंही होतं. म्हणून पक्की रीत म्हणजे ओळखीच्या कोणाचा चांगला एसएमपीएस चार दिवस लावून पाहणं. नवा घेताना फक्त डब्यावरचे वॅट पाहू नका. अगदी हलका लागणारा, वॉरंटी नसलेला घेऊ नका.

डिस्क मरायला लागली तर बहुतेक वेळा कॉम्प्युटर अडकतो, फाइली हरवतात, कधी निळी स्क्रीनही येते. जुन्या डिस्कमधून "टिक टिक" येत असेल तर दुरुस्ती राहू द्या, आधी कॉपी काढा.

एकावेळी एकच बदल

हा सगळ्यात अवघड नियम. माणूस कंटाळतो आणि रॅम, एसएमपीएस, विंडोज सगळं एकदम बदलतो. मग सुधारलं तर कशाने ते कळत नाही, आणि पैसे तीनपट जातात. एक बदल करा, वहीत तारीख लिहा, चार-पाच दिवस पाहा, मग दुसरा.

आम्ही आधी फक्त यूपीएसची बॅटरी बदलली. फ्रीजरच्या वेळचं पडणं त्याच दिवशी थांबलं. दुपारचं थांबलं नाही. पाच दिवसांनी पंखा सोडवला, तर खाली बोटभर धूळ. साफ केलं, नवा पेस्ट लावला. शेवटी वायरमनला बोलावून फ्रीजरला वेगळी लाईन दिली. दुकानात आधी मदरबोर्ड बदला म्हणाले होते. मदरबोर्ड तोच आहे, अजून चालू आहे.

दुकानात न्यायचीच वेळ आली तर

- वहीचं पान आणि निळ्या स्क्रीनचा फोटो सोबत न्या. "कधीपण बंद पडतो" असं सांगू नका.
- कॉपी काढल्याशिवाय नेऊ नका. जमलं तर डिस्क काढून घरी ठेवा.
- "मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचा नाही" हे पावतीवर लिहून घ्या.
- बदललेला जुना भाग परत मागा.
- किती तास चालवून पाहिला ते विचारा. दहा मिनिटं चालला म्हणजे सुधारला असं नाही.
- नागपूरला सीताबर्डीला भाग आणायला जाणार असाल तर जुन्या भागाचा, त्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढून न्या. उगाच दुसरी खेप होते.

ज्या काकांनी वही दिली त्यांची वही आता दर महिन्याला संस्थेच्या नोंदीशी जुळवून पाहतो. काकूंच्या खात्याचा आकडाही दुरुस्त झाला, त्यांनी सही केली. कॉम्प्युटरच्या बाजूला दोऱ्याने बांधलेली एक वही कायमची लटकते. शेवटची बंद पडल्याची नोंद मागच्या वर्षीची आहे.

ज्यांच्या घरी किंवा संस्थेत कॉम्प्युटर आहे त्यांच्यापर्यंत हा पाठ पोहोचवा. बंद ऋतूत दहा दिवस वही भरा आणि पान घेऊन कार्यालयात या. सोबत बसून पाहू.